तपकिरी पियानोचा सौदा

जावा-जावा म्हणजे हेवादावा, असं म्हणणाऱ्याची माझ्या थोरल्या जाऊबाईंशी गाठ पडली नसावी. मला त्यांचा हेवा वाटतो तो एकाच बाबतीत, आणि तो मी चारचौघांत कबूल करते: त्यांना खरेदी करता येते.

एका वसतिगृहाची कोठी त्यांच्याकडे आहे. धान्य, तेल, साबण, गाद्या, बादल्या, सगळी खरेदी त्यांच्या हातून होते. व्यापारी त्यांना घाबरतात म्हणावं, तर तसंही नाही. त्या आल्या की लगबगीने खुर्ची पुसून देतात. जाऊबाई आवाज चढवत नाहीत, नाक मुरडत नाहीत, पाय आपटत दुकानाबाहेर पडायचं नाटकही करत नाहीत. "कमी करा" हे दोन शब्द तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेच नाहीत. घरातली मुलं त्यांना पाठीमागे 'तराजू काकू' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि माझा अंदाज, आवडतंही.

माझं याच्या अगदी उलट. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोरच्याला "खालची ओळ वाचा" म्हणण्यापलीकडे मी कुणाला काही सुनावू शकत नाही. दुकानदाराने किंमत सांगितली की मीच त्याला "थँक्यू" म्हणते. आमचे हे म्हणतात, "हिला बाजारात एकटी सोडली तर वर टीप देऊन येईल."

तर झालं असं. रविवारी दुपारी मी जाऊबाईंकडे गेले होते. त्या कपाट आवरत होत्या आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून गप्पा मारत होते. मध्येच त्या थांबल्या.

"काय गं, टायपिंग करतेस का?"

मी खाली बघितलं. दोन्ही हातांची बोटं टेबलावर चालली होती. मी ओशाळले. "पियानो," म्हटलं.

"टेबलावर?"

"सवय आहे हो, ताई. लहानपणी शेजारच्या बाई शिकवायच्या. मग त्या दुसरीकडे राहायला गेल्या, त्यांचा पियानो विकला गेला, माझं शिक्षण, नोकरी, लग्न... राहूनच गेलं. बोटांना मात्र अजून कळलेलं नाही."

जाऊबाई हातातली चादर तशीच धरून माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. मग समोर येऊन बसल्या. "खरा पियानो घ्यायला काय हरकत आहे?"

मग मला सगळं सांगावं लागलं. खरा पियानो आमच्या जिन्यातून वर चढायचा नाही, आणि चढला तरी शेजारी आम्हाला खाली उतरवतील. हल्ली डिजिटल पियानो मिळतो. पट्ट्या खऱ्यासारख्या, आवाज विजेवर, आणि हेडफोन लावला की कुणाला त्रास नाही. मुलगा शिकायला परगावी गेल्यापासून त्याच्या खोलीत टेबल असायचं ती भिंत रिकामीच आहे. मी थोडे पैसे बाजूला टाकले आहेत. आणि ह्यांनी फोनवर एक हेरूनही ठेवलाय. त्याची ऑफर आज रात्री संपते.

"जी ऑफर आज संपते ती उद्या पुन्हा सुरू होते," जाऊबाई म्हणाल्या. "हात लावल्याशिवाय घ्यायचं नाही. गादी घेताना मी तिच्यावर झोपून बघते. दुकानातली माणसं हसतात, हसू देत. शनिवारी जाऊ आपण."

शनिवारी दुकानाच्या दारात त्यांनी मला थांबवलं. "आत गेल्यावर अळीमिळी गुपचिळी. काही आवडलं तर चेहऱ्यावर दिसता कामा नये. गरजवंताला अक्कल नसते, आणि दुकानदाराला गरजवंत दारातच ओळखू येतो."

दुकान मोठं होतं, दर्शनी बाजूला काचच काच. आत एका ओळीत डिजिटल पियानो मांडलेले होते, काहींवर झाकणं, काहींवर किमतीच्या चिठ्ठ्या. गिऱ्हाईक म्हणून आम्हीच. मालक साठीच्या पुढचे, सडपातळ. चष्मा सारखा नाकावरून घसरत होता आणि ते तो सारखा वर ढकलत होते. माझा हात शिवशिवला. त्या चष्म्याची नाकावरची पकड वाकली होती, अर्ध्या मिनिटाचं काम. मी पुढे झाले तर जाऊबाईंनी कोपराने ढोसलं. "भाव ठरायच्या आधी उपकार करायचे नाहीत," त्या पुटपुटल्या.

मालकांनी दुकानदाराच्या नेहमीच्या उत्साहाने सुरुवात केली. यात सहाशे आवाज आहेत, यात ड्रम वाजतो, यात दिवे लागतात. जाऊबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालक, यातलं तुमच्याकडे परत काय येतं?"

"परत म्हणजे?"

"दुरुस्तीला. तक्रार घेऊन. विकल्यावर कशाने तुम्हाला डोकेदुखी होते?"

मालकांनी चष्मा वर ढकलला आणि जाऊबाईंकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. असं त्यांना आजवर कुणी विचारलं नसावं. ते थोडे घुटमळले, मग दिव्यांच्या पियानोकडे बोट दाखवून खालच्या आवाजात म्हणाले, "हा. पट्ट्या खुळखुळ्या होतात. मुलांचा हट्ट म्हणून घेतात लोक."

"आणि कोण परत येत नाही?"

"हा काळा. आणि तो तिकडचा तपकिरी. पट्ट्यांना वजन आहे, खऱ्यासारखं. हळू दाबाल तर हळू बोलतो, जोरात दाबाल तर जोरात."

त्यानंतर मालकांनी सहाशे आवाजांचं नावही काढलं नाही. खोटं बोलायची गरजच उरली नाही तर माणूस किती सैलावतो, हे मी तिथे उभ्या उभ्या पाहिलं.

मी आधी काळ्यावर बसले. बाईंनी शिकवलेली एक छोटी चाल मला अजून येते, ती वाजवली. बरी वाजली. मग तपकिऱ्यावर बसले. तीच चाल सुरू केली. पट्टी दाबली की आत काहीतरी उचललं जाऊन पडल्यासारखं वाटायचं आणि सूर गोल, लांब, दुकानभर जायचा. पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही. चाल संपली, मग दुसरी एक आठवली, जी आठवते हेच मला माहीत नव्हतं.

उठले तोवर जाऊबाईंनी काळ्याचा सौदा जवळजवळ पुरा करत आणला होता. मालक बोटांवर मोजत होते: स्टँड घेतला नाही तर इतके उतरतील, थोरले दीर टेंपो चालवतात म्हणजे घरपोच न्यायचा खर्च वाचला, रोख दिले तर आणखी थोडे. शेवटी जो आकडा निघाला तो ऐकून माझा विश्वास बसेना. फोनवरच्या ऑफरपेक्षाही कमी, आणि वाद्य कितीतरी सरस. मी घाईघाईने मान डोलावली. "चालेल, ताई. हाच घेऊ."

जाऊबाई मालकांना म्हणाल्या, "भाव तुम्ही चोख दिलात. पण हा नको."

मालकांचा चष्मा पार नाकाच्या टोकावर आला. मी जाऊबाईंना बाजूला ओढलं. "अहो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कुठे लागताय? काळा छान आहे की!"

"काळ्यावर बसलीस तेव्हा तू मध्येच घड्याळ बघितलंस. तपकिऱ्यावर होतीस तेव्हा मी तुला दोनदा हाक मारली. ऐकू आली?"

मी नकारार्थी मान हलवली.

"नको ती वस्तू स्वस्त मिळाली म्हणून घेतली की ती घरातली सगळ्यात महाग वस्तू होते. माझ्या माळ्यावर अशा तीन आहेत. सगळ्या तुझ्या दिरांनी आणलेल्या."

तपकिऱ्याची चिठ्ठी बघितली तर माझे डोळे पांढरे झाले. शिवाय आता आमची बाजू लंगडी होती. आम्हाला काय हवंय ते मालकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मला वाटलं, आता जाऊबाई काहीतरी शक्कल लढवतील, दुसऱ्या दुकानाचं नाव काढतील. त्यांनी सरळ खुर्ची ओढली आणि मालकांच्या समोर बसल्या.

"मालक, लपवण्यात अर्थ नाही. तिला तो तपकिरी हवाय. आमच्याकडे आहेत ते इतके." त्यांनी आमचा खरा आकडा सांगून टाकला. मी कपाळावर हात मारून घ्यायची तेवढी बाकी होते. "यात तो कसा बसेल, हे तुम्हीच सांगा. तुमच्या धंद्यातलं तुम्हाला कळतं, मला नाही."

मालकांनी कागदावर दोन-तीनदा हिशेब मांडून बघितला. मग म्हणाले, "आज बसणार नाही, बाई. तुम्हाला खोटं सांगत नाही. पण हा डिस्प्लेचा पीस आहे. दीड-दोन महिन्यांत नवा प्रकार येतो, तेव्हा कंपनी जुना मांडलेला पीस पडत्या भावात काढू देते. तेव्हा तुमच्या पैशांत बसेल. तोवर कुणी पूर्ण किंमत देऊन मागितला, तर मात्र मला द्यावा लागेल."

"तोवर तो इथे मुकाच बसणार?"

"मुका कशाला? शनिवारी-रविवारी मुलं येऊन वाजवतात."

"बडवतात," जाऊबाई म्हणाल्या. "मघाशी ही वाजवत होती तेव्हा बाहेर काचेपाशी माणसं थांबली होती. तुमची पाठ होती, मी बघत होते. एक जोडपं आत यायला निघालं होतं, पण ही उठली आणि ते गेले. तुम्ही असं करा. नवा माल येईपर्यंत ही दर शनिवारी दुपारी येऊन इथे वाजवेल. तुमच्या दुकानाला आवाज मिळेल, हिचा हात बसेल. आणि तपकिरी तुम्ही तिच्यासाठी राखायचा. मागायला कुणीही येवो."

"ताई!" मी किंचाळलेच. चार माणसांसमोर मी कधीच वाजवलं नव्हतं.

"भीड भिकेची बहीण," जाऊबाईंनी मागे वळूनही न बघता सांगितलं.

मालकांनी माझ्याकडे बघितलं, तपकिऱ्याकडे बघितलं, रिकाम्या दुकानाकडे बघितलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "शब्द दिला."

परत येताना मी चौक ओलांडेपर्यंत धुसफुसत होते. मग विचारलं, "आपला खरा आकडा का सांगितलात?"

"तो माणूस खरं बोलत होता. खरं बोलणाऱ्याशी लपाछपी खेळलं की आपलाच वेळ जातो."

पहिल्या शनिवारी मी दोनदा दारातूनच परत फिरायला निघाले. जाऊबाई सोबत आल्या होत्या. त्या वसतिगृहाच्या उशांचे अभ्रे घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि बटणं लावू लागल्या, जणू घरच आहे. मी चुकत होते, थांबत होते, पुन्हा सुरू करत होते. एका बाईने बाबागाडी काचेपाशी लावली आणि बाळ झोपेपर्यंत हलली नाही. माझं वाजवणं ऐकून बाळ झोपलं, याला कौतुक म्हणावं की टीका, हे मला ठरवता येईना. जाऊबाई म्हणाल्या, "कौतुक. टीका असती तर ते रडलं असतं."

दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारपासून मी घरी टेबलावर नेटाने सराव करू लागले. आमचे हे म्हणायचे, "जरा हळू वाजव, मीठ सांडतंय." दुकानात आता माणसं आत येऊन उभी राहू लागली. एक निवृत्त बसचालक आले. हात मागे बांधून त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मला या वयात एकच गाणं शिकायचं असेल तर जमेल का?" मी म्हटलं, "एकच असेल तर नक्की जमेल." त्यांनी त्याच दिवशी एक साधा पियानो नेला. मालकांनी माझ्यासाठी गादीची बैठक काढून दिली. एकदा त्यांचा चष्मा मी मागून घेतला, पकड सरळ केली आणि परत दिला. जाऊबाईंनी या वेळी कोपर मारलं नाही. अभ्र्याचा दोरा दाताने तोडता तोडता त्या हसल्या.

आणि मग, नवा माल येणार त्याच्या आधीच्या शनिवारी, घोडं अडलं.

एक दंतवैद्य आले, सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. ते आले तेव्हा मी वाजवत होते. मुलगी माझ्या अगदी खांद्याशी येऊन उभी राहिली. चाल संपल्यावर दंतवैद्य मालकांना म्हणाले, "हाच हवा. चिठ्ठीवरची किंमत देतो, आज, आत्ता. घासाघीस करायला मला वेळ नाही."

माझे हात पट्ट्यांवरच राहिले. आमच्यात लिहिलेलं काहीच नव्हतं. विसाराचा एक पैसाही दिलेला नव्हता. मालकांनी पूर्ण किंमत घेतली असती तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं. मीही बघितलं. मला वाटलं, आता त्या उठतील आणि शब्दाची आठवण करून देतील.

जाऊबाईंनी अभ्रा बाजूला ठेवला. "दुकान तुमचं, माल तुमचा," त्या म्हणाल्या, "आणि शब्दही तुमचाच." एवढं बोलून त्या उठल्या आणि बाहेर जाऊन फुटपाथवर उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. मालकांवर त्यांच्या नजरेचं ओझंसुद्धा ठेवलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर हात जोडले असते, नाहीतर भांडले असते. त्या पाठीकडे बघताना मला कळलं की या बाईला खरेदी येते म्हणजे नेमकं काय येतं.

मालक काउंटरवरची पेन्सिल उगाच इकडची तिकडे करत होते. मग म्हणाले, "साहेब, हा गेला."

"यावर तसं लिहिलेलं नाही."

"लिहायचं राहिलं. त्या बाईंचा आहे तो."

दंतवैद्यांचा चेहरा पडला. मुलीचा तर रडवेला झाला. मला राहवेना. मी तिला बोलावलं, काळ्यावर बसवलं आणि उजव्या हाताची पाच बोटं पाच पट्ट्यांवर कशी ठेवायची ते दाखवलं. पाचच सुरांची एक चाल असते. ती तिला आधी अडखळत, मग सरळ वाजवता आली. तिने वडिलांकडे असं काही बघितलं की त्यांची घाई कुठल्या कुठे गेली. तोवर जाऊबाई आत आल्या होत्या. त्या दंतवैद्यांना म्हणाल्या, "मी स्वतः या काळ्याचा सौदा करून बसले होते. परत येत नाही म्हणतात हा. मालकांनाच विचारा." काळा त्या दिवशी त्यांच्या गाडीतून गेला, चिठ्ठीवरच्या किमतीला. घासाघीस करायला त्यांना खरंच वेळ नव्हता.

पुढल्या आठवड्यात नवा माल आला. आम्ही पैसे घेऊन गेलो, या वेळी आमचे हेही सोबत होते. मालकांनी पडता भाव सांगितला, तो आमच्या आकड्यात बसत होता, वर चार पैसे उरत होते. मग ते म्हणाले, "ती गादीची बैठक तुमच्याकडेच राहू दे. आणि तुमच्यामुळे चार वाद्यं गेली, तेव्हा मी आणखी थोडे—"

"बस," जाऊबाईंनी हात वर केला. "बैठक घेतो. आणखी उतरलात तर उद्या काही बिघडलं म्हणून तुमच्या दारात यायला मला तोंड राहणार नाही."

भाव उतरवू नका म्हणून दुकानदाराला दटावणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. आमचे हे माझ्या कानात कुजबुजले, "तराजूचा काटा बिघडला वाटतं." मी त्यांना चिमटा काढला.

थोरल्या दिरांच्या टेंपोतून पियानो आला. दोघा भावांनी तो जिन्याने वर आणताना प्रत्येक वळणावर वेगळं भांडण केलं, आणि शेवटी तो मुलाच्या खोलीत रिकाम्या भिंतीशी लागला. मी बैठकीवर बसले. हेडफोन लावला. खोलीत आता पट्ट्यांची धपधप सोडली तर काही ऐकू येत नव्हतं. माझ्या कानात मात्र तो गोल, लांब सूर भरला होता.

थोड्या वेळाने वर बघितलं तर जाऊबाई पलंगाच्या कडेला बसून माझ्या बोटांकडे बघत होत्या. इतके शनिवार त्या दुकानात बसल्या, पण त्यांचं लक्ष काचेबाहेरच्या माणसांकडे, मालकांच्या चेहऱ्याकडे, अभ्र्यांच्या बटणांकडे; नुसतं ऐकत त्या कधी बसल्याच नव्हत्या. मी हेडफोन काढला आणि त्यांच्या डोक्यावर चढवला. केस विस्कटले म्हणून त्या कुरकुरल्या. मी ती दुसरी चाल सुरू केली, दुकानात न बोलावता आठवलेली.

त्यांनी आधी छताकडे बघितलं. मग डोळे मिटले. मांडीवरचे हात उताणे पडले होते, त्यांत ना अभ्रा होता, ना पिशवी. मी जाऊबाईंचे हात असे रिकामे कधी पाहिले नव्हते. चाल संपत आली तशी मी हळू झाले.

"थांबू नकोस!" कानावर हेडफोन असल्यामुळे त्या केवढ्यांदा ओरडल्या हे त्यांना कळलंच नाही. बाहेरच्या खोलीतून दोघे भाऊ काय झालं म्हणून धावत आले आणि दारातच उभे राहिले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.